मतदारयादीतले अब्बा

अब्बांनी आयुष्यात एकदाही मत दिलं नाही. तीस वर्षं ते सौदीत कतीफला मासळी बाजाराला बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात होते, आणि त्यांचं नाव रत्नागिरीकडच्या आमच्या गावच्या मतदारयादीत. मत द्यायचं तर गावच्या शाळेत स्वतः जाऊन रांगेत उभं राहायचं. नोकरीवर ठेवणारा कफील निवडणुकीसाठी सुट्टी देतोय होय! परदेशातल्यांना टपालाने मत देऊ द्या म्हणून कोर्टात खटला चालू होता, त्याच्या तारखा अब्बांना तोंडपाठ असायच्या. "पुढच्या खेपेला टपालाने," ते म्हणायचे. त्याआधीच गेले. इथेच दफन केलं; मीही इथेच नोकरीला आहे. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत, त्यामुळे दोन वर्षांत कुठली त्यांची, हेही मला सांगता येईना.

गावच्या यादीत मात्र ते होते. मृत्यूचा दाखला अरबीत, तो गावी नेऊन देणार कोण? दर निवडणुकीला अम्मी शाळेत जायची आणि आपल्या नावाआधी त्यांचं वाचून घ्यायची. मागच्या खेपेला पक्षाच्या एका पोराने तिला सांगितलं, "चाची, चाचांचं मत सकाळीच पडलं." तिने तिथेच भांडायला हवं होतं. मला फोनवर म्हणते कशी, "चला, एकदा तरी दिलं त्यांनी."

त्यानंतर कितीतरी दिवस इथे धाहरानला कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटले की अब्बा रांगेत उभे दिसायचे. बोटाला शाई, अंगात त्यांचाच करडा शर्ट, आणि तोंड दुसऱ्याच कुणाचं.

मग यंदा याद्यांची तपासणी निघाली. प्रत्येक नावामागे एक फॉर्म, आणि भरायला शेवटची तारीख. लोक कोर्टात गेले, तारीख पुढे गेली. परत गेले, परत पुढे गेली. दर वेळी मला हायसं वाटायचं, खोटं कशाला बोलू. अब्बांचा फॉर्म मला भरवत नव्हता.

"राहू दे ना त्यांचं नाव," अम्मी म्हणायची. "कुणाच्या पोटात दुखतंय?"

"कुणीतरी वापरतंय ते नाव, अम्मी. उद्या तुलाच विचारतील."

"विचारू देत."

शेवटी कोर्टाने तारीख वाढवायला नकार दिला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आलो आणि ऑनलाइन तिघांचेही फॉर्म भरायला बसलो. अब्बांच्या फॉर्मवर 'मृत' निवडलं, दाखला जोडला. मग अम्मीचा भरला. मग माझा. सध्याचा पत्ता विचारला होता. इथे घर बदललं आणि कळवलं नाही तर इकाम्याचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, काम अडकतं. पंधरा वर्षांची सवय. मी धाहरानचा पत्ता बिल्डिंग नंबरासकट व्यवस्थित लिहिला. जरासुद्धा विचार केला नाही. मूर्ख!

कच्ची यादी लागली तेव्हा अम्मी शाळेत जाऊन आली आणि तिने फोन केला. आमच्या घरातली दोन नावं कापली होती. अब्बांपुढे कारण होतं मृत. माझ्यापुढे, कायमचा स्थलांतरित. दर वर्षी इकामा नवा करून घेणारा मी, कायमचा!

मी समजावायला लागलो. हरकत घ्यायला मुदत आहे, लोक पुन्हा कोर्टात गेलेत, तारीख वाढेल, पुढच्या खेपेला सगळं नीट होईल. बोलता बोलता माझ्याच आवाजात मला अब्बा ऐकू आले.

"त्यांचं समजलं मला," अम्मी म्हणाली. "ते गेले, त्यांचं नाव गेलं. तुझं का रे गेलं? तू आहेस ना?"

"आहे, अम्मी," मी म्हणालो.

तिने परत विचारलं.