बाळकुमात राहिलेलं माप

शिंप्याकडे मी मापाला उभा राहिलो की आमच्या घरातली मंडळी माझ्याकडे बघून हसतात. टेप खांद्याला टेकली की माझा श्वास अडकतो. "बाबा, श्वास सोडा, नाहीतर सदरा पिंपासारखा होईल," असं धाकटी दर वेळी म्हणते. तिला गोष्ट अर्धीच ठाऊक आहे, आणि तीही तिच्या आईनं तिखटमीठ लावून सांगितलेली. पूर्ण गोष्ट अशी.

मॅट्रिक झाल्यावर मी ठाण्यात बांधकामाच्या वर्गाला जाऊ लागलो. वडिलांचं म्हणणं, आता स्वतंत्र देशात घरंच घरं उठणार, तेव्हा घर बांधणारा उपाशी मरणार नाही. मी शिडीला घाबरायचो, विहिरीला घाबरायचो, वर्गातल्या सरांना तर फारच घाबरायचो, पण हे वडिलांना सांगायलाही घाबरायचो. म्हणून रोज डोंबिवलीहून ठाण्याला जायचो आणि विटा, चुना, पाया, कमानी यांची नावं पाठ करायचो.

तेव्हा खाडीवर मोठा पूल होणार अशी बोलवा होती. आमच्याकडे राहणाऱ्या आत्यानं त्यावर एकच निकाल दिला होता.

"पुलाला माणूस लागतं."

"आत्या, पुलाला खडी लागते, लोखंड लागतं."

"ते वर लागतं. खाली माणूस लागतं. आधी माप घेऊन जातात, मग माणूस नेतात. तू मेल्या कुणाला माप देऊ नकोस हो!"

मी मोठ्यानं हसलो होतो. पण त्या आठवड्यात अंगणात कुणी काठी घेऊन दिसलं तरी मी आत सरकायचो.

पुढे सरांनी आम्हाला जमीन मोजायला ठाण्याजवळच्या बाळकुमाला पाठवलं. तेव्हा बाळकूम म्हणजे भातखाचरं, ताडाची झाडं आणि खाडीकडून येणारा खारट वारा. दोघादोघांची जोडी. माझा जोडीदार कल्याणचा, तोंडानं शूर. आमच्याकडे लोखंडी साखळी, टेप आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या. जमिनीबरोबर एका ताडाची उंचीही काढून आणायची होती, तीसुद्धा वर न चढता. रीत सोपी आहे. काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, मग ताडाची सावली मोजायची आणि त्रैराशिक मांडायचं. चढायचं नाही म्हटल्यावर हे काम मी आनंदानं अंगावर घेतलं.

पण जोडीदार सगळ्या काठ्या घेऊन शेताच्या पार टोकाला गेलेला. ऊन जातं की राहतं असं आभाळ. हाका मारल्या, त्याला ऐकू जाईना. शेजारी एक सहा-सात वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून माझी गंमत बघत होती. काठीहून सरळ उभी होती.

मी म्हटलं, "अगं, अशीच उभी राहा हं. हलू नकोस."

डोक्यापासून टाचेपर्यंत तिला मोजलं. मग वाकून तिची सावली मोजली. दोन्ही आकडे लिहून घेतले आणि शाबास म्हणून तिच्या डोक्यावर टपली मारली. ती घराकडे पळाली. तेव्हासुद्धा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. आत्याचं वाक्य आठवलं ते बांधावरून बायका धावत येताना दिसल्या तेव्हा. दोघींच्या हातात विळे होते.

जोडीदारानं लांबून ते पाहिलं आणि काठ्यांसकट तो ठाण्याच्या दिशेनं अदृश्य झाला. मी पळालो नाही. धैर्य वगैरे काही नाही. पाय जमिनीत पुरल्यासारखे झाले होते.

"कोन रं तू? माज्या पोरीला कनाला मापलंस?" पुढची बाई ओरडली. मुलीची आई.

"मी... विद्यार्थी. बांधकामाचा."

"बांधकामाचा! आयकलंस गो? पुलासाठी मापली नं?"

"नाही हो ताई, ताडासाठी."

"ताडाला बी पोर लागतं आता?"

मी त्रैराशिक समजावू लागलो. सावलीला सावली, उंचीला उंची. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हे ऐकायला फार भयंकर वाटतंय. बाईचा चेहरा रागाचा नव्हता. तो पांढरा पडला होता. तिचे ओठ थरथरत होते, आणि मला त्या विळ्यांपेक्षा त्या ओठांची जास्त भीती वाटली.

त्यांनी मला अंगणात नेलं. मुलीची आजी ओटीवर बसली होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "दोरा आन गो."

जाळं विणायचा दोरा आला. मला भिंतीशी उभं केलं. आईनं तो माझ्या टाळूपासून टाचेपर्यंत ताणला, तोडला आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या.

"तुजं माप आता आमच्या घरान ऱ्हाईल," आजी म्हणाली. "पोरीला काय झाला, तं यो दोरा आमी सोताच्या हातानं पुलाच्या पायान घालू. जा आता."

दोरा आढ्याला बांधला गेला. मी साखळी ओढत निघालो. वाटेत स्वतःला बजावत होतो की अरे, तू शिकलेला, पुलाच्या पायात काँक्रीट घालतात, दोरे नाही. पण मानेवरून घाम उतरतच होता.

दुसऱ्या दिवशी जोडीदार हसून हसून लोळला. "घाबरतोस काय? दोराच तर आहे!"

"मग तुझं माप देऊन ये."

तो काठ्यांवरचा चिखल पुसू लागला.

त्यानंतर मी त्या मुलीच्या तब्येतीला वाहून घेतलं. दर रविवारी काहीतरी निमित्त काढून बाळकूम. ती अंगणात सागरगोटे खेळताना दिसली की माझा आठवडा बरा जायचा. एकदा ती शिंकली तर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. लिमलेटच्या गोळ्या न्यायचो. मग गोळ्यांनी घसा धरेल म्हणून चणे न्यायला लागलो. तिची आई दारातून बघायची. आत ये म्हणायची नाही आणि जा असंही म्हणायची नाही.

आणि एका रविवारी अंगण रिकामं होतं.

मुलगी आत गोधडीखाली कुडकुडत होती. दात वाजत होते. आई उशाशी बसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग आढ्याकडे. मी तिथून ठाण्यापर्यंत पळालो. एरवी मी जिना चढलो तरी दम लागायचा. डॉक्टरांना टांग्यात घालून आणलं, आणि वाटेत त्यांना सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी मुलीला तपासलं, क्विनीन दिलं. "हिवताप आहे. डास चावून होतो. मोजून होत नाही," ते माझ्याकडे बघत म्हणाले. हे त्यांनी आईला सांगायला हवं होतं असं मला वाटलं. पण बहुधा त्यांना दोघांतला जास्त आजारी कोण ते कळलं असावं.

मी ओटीवर बसून राहिलो. आत ती कण्हली की मी उठून दारापर्यंत जायचो आणि परत येऊन बसायचो. माझी भीती माझ्यासाठी होती की तिच्यासाठी, ते मला तेव्हा वेगळं करता येत नव्हतं. दुपार उलटल्यावर आई बाहेर आली. माझ्यासमोर तांब्या ठेवून म्हणाली, "पानी पी. तूच मरशील आदी."

पुढचे दिवस मी वर्गात बसलो होतो एवढंच. सरांनी कमानीबद्दल काहीतरी विचारलं आणि मी "उतरला का?" असं म्हणालो. ताप मनात होता. सरांनी मला उभं केलं. उभं राहिल्यावर माप आठवलं आणि मी मटकन खाली बसलो.

पुन्हा गेलो तेव्हा मुलगी उंबऱ्यात बसून पेज पीत होती. हडकली होती, पण मला बघून जीभ काढून दाखवली. मी तिथंच जमिनीवर बसलो. आजी हसली. आईनं आढ्याचा दोरा सोडला आणि चुलीकडे वळली.

"जाळू नका!" मी किंचाळलो.

तिघी माझ्याकडे बघत राहिल्या.

"अरं, माजी भीती गेली आता," आई म्हणाली. "यो ठेवून काय करू?"

"नको, पण जाळू नका. माझी उंची आहे ती."

"शिकलेला नं तू?" तिनं विचारलं आणि पहिल्यांदाच खळखळून हसली. दोरा गुंडाळून तिनं माझ्या हातात ठेवला. "घे बाबा. सांबाल."

वाटेत खाडीत टाकावा असं ठरवलं होतं. काठावर उभाही राहिलो. पाणी काळं, संथ, तळ दिसत नव्हता. पूल याच पाण्यात उभा राहणार होता. म्हटलं नको. स्टेशनवर डाव्या हातानं पास दाखवला. उजवी मूठ डोंबिवलीला घरात पाऊल ठेवेपर्यंत मी उघडली नाही.