केतकीच्या बरणीतलं चुंबक

केतकी गेली तेव्हा आमचं भांडण चालू होतं.

आज वर्ष झालं. ते भांडण मिटलेलं नाही. मिटवायला समोर माणूस लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. केतकी माझ्या वर्गात होती. फिजिक्स. मुलुंडची. सेकंड इयरला मी लॅबमध्ये सरांशी वाद घातला, जर्नल आपटलं आणि कॉलेज सोडलं. घाटकोपरला मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसायला लागलो.

सगळे समजवायला आले. केतकी वर्षभराने आली, काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली,
"मित्या, तुझ्याकडे बाइक आहे आणि डिग्री नाही. माझ्या प्रोजेक्टला असाच माणूस पाहिजे."

प्रोजेक्ट म्हणजे काचेची एक बरणी. आत दोऱ्याला टांगलेलं चुंबक, त्यावर चिकटवलेला आरशाचा तुकडा. बरणीशेजारच्या लेझरचं बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर, ग्राफ पेपरवर लाल ठिपका.

दोऱ्याला पीळ देऊन चुंबक मुद्दाम आडवं, पूर्व-पश्चिम धरलेलं. पृथ्वी त्याला उत्तरेकडे ओढते, पीळ अडवतो. पृथ्वीची ओढ कमी झाली की पीळ जिंकतो आणि ठिपका सरकतो.

"पण ओढ कमी कशाला होईल?"

"सूर्याकडून चार्ज असलेल्या कणांचा वारा येतो ना. तो खवळला की इथून हजारो किलोमीटर वर, पृथ्वीभोवती, करंटचं एक कडं तगडं होतं. त्याचं चुंबकत्व आपल्याकडे पृथ्वीच्या उलट. म्हणून."

पृथ्वीच्या मागे, रात्रीच्या बाजूला म्हणे चुंबकीय शेपूट असते. तिच्यात आडवा करंट वाहतो, आणि अशा गडबडीत तो मधेच तुटतो.

"मग जातो कुठे?" मी हट्टालाच पेटलो.

तिने दुकानासमोरचा फ्लायओव्हर दाखवला. "हा मधेच बंद केला तर रिक्षा काय करतील? अलीकडे खाली उतरतील, खालच्या रस्त्याने जातील, पलीकडे परत वर चढतील. करंट पण तसाच. चुंबकीय रेषांवरून ध्रुवाजवळच्या हवेत उतरतो, तिथून आडवा जातो, परत वर. तिकडचं आकाश उजळतं ते त्याच गडबडीत."

मी मान डोलावली. मी फक्त हवेत उतरणारा, चढणारा तिचा हात बघत होतो.

मुलुंडला तिच्या घरी लिफ्ट हलली तरी ठिपका नाचायचा. म्हणून बरणी आरे कॉलनीत नेली. तिचे मामा तिथल्या तबेल्यात कामाला, त्यांच्या घरामागे चाऱ्याची रिकामी खोली होती. खोलीबाहेर प्लास्टिकची बादली. चावी, मोबाइल, पट्टा, जे काही लोखंडी असेल ते बादलीत टाकूनच आत जायचं. मामांनासुद्धा सूट नाही.

"गो, पट्टो काढलंय, आता विजार हातात धरून उभो रवतंय, चलात मा?"

मग एकदा खरंच सूर्याकडून तसं वादळ आलं. काही तासांत ठिपका सरकत गेला. केतकी वेडी झाली होती आनंदाने.
"आता परतीच्या नोंदी महत्त्वाच्या. चढायला तास, उतरायला दिवस. तुझ्या रागासारखं."

त्याच दोन दिवसांत तिचे पेपर होते. दर अर्ध्या तासाने नोंद घ्यायचं काम माझ्यावर आलं.

माझ्या उजव्या हातात लोखंडी कडं असायचं. साबण लावल्याशिवाय निघत नाही. मला कंटाळा आला. दोन्ही दिवस मी ते हातात ठेवूनच बरणीशेजारचं बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी तिने वही बघितली.
"मित्या, कडं काढलं होतंस ना?"
"हो."
"नक्की?"
"केतकी, फुकट राबतोय तुझ्यासाठी आणि वर मला खोटा ठरवतेस?"

बाइक काढली आणि निघालो. खोटा मीच होतो.

आठवड्याने तिचा मेसेज. "राग उतरला का रे?"
वाचला. उत्तर दिलं नाही. वाटलं, अजून दोनदा तरी विचारू दे.

तिला डेंग्यू झाला. चार दिवसांत संपलं सगळं.

पंधराएक दिवसांनी मुलुंडला गेलो तेव्हा काकींनी, म्हणजे तिच्या आईने, प्रोजेक्टची फाइल माझ्यासमोर ठेवली. माझ्या नोंदी तिने फेकल्या नव्हत्या. माझा हात रोज त्याच जागी, म्हणून चूकही दर वेळी तेवढीच, हे तिने ओळखलं होतं. समासात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अमितच्या प्रत्येक नोंदीतून ग्राफची तीन घरं वजा.' वजा केल्यावर माझी रेघ तिच्या आधीच्या नोंदींच्या रेघेला नीट जुळली होती.

पहिल्या पानावर, निरीक्षक: केतकी आणि अमित.

तिला सगळं कळलं होतं. तरी विचारलं तिने, राग उतरला का.

काकी म्हणाल्या, "तुझं नाव फार असायचं रे तिच्या तोंडात. तू तिचा कोण?"
मी म्हटलं, "प्रोजेक्टमध्ये होतो, काकी."

काकी, तुम्ही हे वाचाल. ते उत्तर अर्धंच होतं. माझं तुमच्या मुलीवर प्रेम होतं. तिला कधी बोललो नाही. तिला ते ठाऊक होतं का, हे शोधायला मी ती फाइल पानन्‌पान चाळली. त्यात फक्त आकडे आहेत.

आज संध्याकाळी घरी येतोय. तिच्या फोटोला हार घालायला, आणि हे तुमच्यासमोर तोंडाने सांगायला. हाकललंत तरी चालेल.

केतकी, जिथे असशील तिथे सुखात राहा.