बिनधुराची शेगडी

कतारमध्ये थंडी वाजते म्हटलं की गावाकडची माणसं अजूनही हसतात. हसू देत. जानेवारीत उत्तरेचं वारं सुटलं की आमच्या प्लायवूडच्या केबिनमध्ये बादलीतल्या पाण्याला हात लावायची हिंमत होत नसे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आज दोहाच्या अल दुहैल भागात जिथे कंपाउंडं आणि शाळा आहेत, तिकडेच कुठेतरी आमचा कॅम्प होता.

केबिनमध्ये आम्ही दोघंच. मी साताऱ्याकडचा वेल्डर. माझे जोडीदार सावंतवाडीकडचे सुतार, वयाने बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. त्यांची बायको आदल्या उन्हाळ्यात गावी वारली होती. तार पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काका त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत.

थंडी सोसेना तेव्हा काहीतरी घ्यायचं ठरलं, आणि काय घ्यायचं यावरून आमचं वाजलं. शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे काका रोज आणायचे, तेव्हा जळणाची चिंता नव्हती. रॉकेलच्या हीटरच्या वासाने दोघांचंही डोकं उठायचं. मला ड्रम कापून झाकणाची चूल करायची होती, छतातून पाइप काढलेली. काकांना हवी होती बाजारात मिळते तशी उघडी पत्र्याची शेगडी. गेटवरचा पहारेकरी लाकडं बाहेर पेटवायचा आणि धूर जिरला की निखारे आत न्यायचा. धूरच नाही तर पाइप कशाला, असं काकांचं म्हणणं. विस्तव डब्यात कोंडला तर त्याच्यापुढे बसायचं तरी काय, असंही वर. मी चिडलो, पण वडीलधाऱ्या माणसापुढे किती ताणायचं? शेगडी आली. भिंतीच्या फटी आम्ही गोण्यांनी बुजवल्या.

ऊब छान होती, खोटं कशाला बोलू. पण आठवडाभरात खोलीत आणखी कुणीतरी असल्यासारखं वाटू लागलं. संध्याकाळी चहा गाळताना माझा हात आपोआप तिसऱ्या कपाकडे जायचा. पाठीमागे बांगड्या वाजल्यासारखं व्हायचं, वळून बघावं तर काका निखाऱ्यांकडे बघत बसलेले. डोकं ठणकायचं, छातीत धडधडायचं. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. काका मात्र खुलले होते. मधूनच मान हलवायचे, कुणाला तरी होकार दिल्यासारखी. त्यांना विचारायचा मला धीर झाला नाही.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, वाळूचं वारं सुटलं होतं. मी मेसमध्ये जेवून परतलो तर दाराला आतून कडी. हाक मारली. उत्तर नाही. म्हातारा घोरत पडला असेल, असं पुटपुटत मी आडोशाला उभा राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. तेव्हा दाराच्या फटीतून काकांचा आवाज ऐकू आला. ते हळू आवाजात बोलत होते आणि मधेमधे थांबत होते, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखे. मग तेही बोलणं बंद पडलं, आणि मी खांदा मारून दार मोडलं.

काका शेगडीजवळ आडवे पडले होते, चेहरा लालबुंद. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. जमिनीवर चहाचे दोन भरलेले कप होते.

मी त्यांना फरफटत बाहेर वाऱ्यात आणलं. त्यांना उलटी झाली, मग डोळे उघडले. कॅम्पचा कंपाउंडर वसईचा होता. त्याने आम्हाला फैलावर घेतलं. निखाऱ्यांतून वायू निघतो, तो दिसत नाही, त्याला वासही नाही. तो डोक्यात भिनला की माणसाला भास होतात, नाहीतर माणूस जातो.

ओ का दिली नाहीत, असं मी काकांना विचारलं.

"आयकलंय मी हाक," काका म्हणाले. "पण ती तुझीच कशावरना? भूत तिसरी हाक मारणा नाय, म्हणान आमच्याकडे तिसऱ्या हाकेशिवाय ओ देणत नाय. तू दोनदाच मारलंस." मग म्हणाले, "तिना तीनदा मारल्यान."

दुसऱ्याच दिवशी मी ड्रम कापला. चूल केली, छतातून पाइप काढला, जोड नीट वेल्ड केले. डोकं ठणकायचं थांबलं, बांगड्याही थांबल्या. मला माझ्या कामाचा मोठा अभिमान वाटत होता. काका चुलीकडे पाठ करून बसायचे आणि जेवण अर्धवट टाकायचे.

पुढे एका संध्याकाळी कामावरून येऊन टेकतो न टेकतो तोच डोकं जड झालं. चुलीत नुसते निखारे होते. पाठीमागे बांगड्या किणकिणल्या. मी दार सताड उघडून काकांना बाहेर काढलं आणि तसाच छतावर चढलो. पाइपच्या तोंडात लाकडाचा गोल दट्ट्या बसवला होता, रंधा मारून गुळगुळीत केलेला, केसभरही फट न ठेवलेला.

तो हातात घेऊन मी खाली आलो. काका वाळूत बसले होते. ते माझ्याकडे न बघताच बोलले.

"आता ती येणा नाय रे. तुझ्या पायपान तिची वाट बंद केल्यान."

मला रागावायचं होतं, पण रडूच आलं. चूल मी ओढत बाहेर नेली आणि तिच्यावर वाळू टाकली. उरलेली थंडी आम्ही पांघरुणांवर पांघरुणं घेऊन काढली. संध्याकाळी चहा मात्र मी तीन कप गाळायचो. तिसऱ्या कपाला काका हात लावत नसत, आणि मीही तो पार निवल्यावरच उचलायचो.