बुडख्यातली बाग

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरमालकांनी परसातली चिंच तोडली. आमचे भाड्याचे घर कसबा बावड्याच्या रस्त्याला होते आणि मी गावातल्या एका शाळेत सृष्टिज्ञान व बागकाम शिकवीत असे. लाकूडतोड्यांनी खोड आणि फांद्या गाड्या भरून वीटभट्टीकडे नेल्या. जागेवर उरला तो मांडीइतक्या उंचीचा बुडखा. दोन्ही बाजूंनी मी आणि पत्नीने हात लांब केले, तेव्हा कुठे आमची बोटे एकमेकांना टेकली.

"बुडख्याचं काय करायचं ते तुम्ही करा, गुरुजी," असे सांगून मालक निघून गेले.

चिंचेचे खोड आडवे कापले की दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेरचे लाकूड फिकट आणि मऊ असते, त्यात कीड लवकर शिरते. आतला गाभा काळपट जांभळा आणि अतिशय चिवट असतो. आमच्या बुडख्याचा गाभा कडेचे वीतभर लाकूड सोडले तर काठापर्यंत भरलेला होता. मी तो निरखीत उभा असतानाच पलीकडच्या गल्लीतला खाटीक कुंपणापाशी आला. वयाने माझ्याएवढाच, थोरल्या भावाच्या दुकानात मटण तोडण्याचे काम करणारा. त्याची आणि माझी ओळख रस्त्यातल्या रामरामापुरती होती.

"गुर्जी, ह्यो बुडका ठिवणार हाय काय?"

"का बरे?"

"मला पायजेल. ठोकळ्याला."

"कसला ठोकळा?"

"मटण तोडायचा की वो."

माझ्या चेहऱ्यावर काय उमटले असेल ते असो, तो मात्र समजावून सांगू लागला. ठोकळा चिंचेचाच लागतो. आंब्याचा त्याने एकदा करून पाहिला होता. आठ दिवसांत लाकडाची कुसे मांसात उतरू लागली आणि एका गिऱ्हाइकाच्या हिरडीत कूस गेले. "चिंच घाव गिळती, गुर्जी. आंबा घाव थुकतोय." भावाच्या दुकानातला ठोकळा वडिलांचा, म्हणून थोरल्याचा. गडमुडशिंगीच्या बाजारात त्याचे मामा मटण विकायला बसत. ते थकले होते. भाच्याने स्वतःचा ठोकळा आणि सुऱ्या घेऊन यावे, जागा त्याची, असा त्यांचा शब्द होता. इतकी जुनी चिंच कोणी सहसा तोडत नाही, आणि तोडली की वीटभट्टीवाले आधी येऊन पोचतात.

"जिमिनीलगत करवत लावतो. तुमास्नी काय तरास न्हाय. आखाडाच्या आत बसाय मिळंल मला."

त्याचे म्हणणे मला पूर्ण समजले होते, हे मुद्दाम नमूद करतो. तरीही त्याच वेळी माझ्या डोळ्यांपुढे तो जांभळा गाभा चरबीने चकचकीत झालेला, हाडांचा भुगा भरलेला आणि माश्यांनी काळा पडलेला असा उभा राहिला. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. ज्याच्या सावलीत पत्नीने पापड वाळवले, त्या झाडाचे हे व्हावे, या कल्पनेने माझ्या तोंडाला पाणी सुटले. भुकेचे नव्हे, ओकारीपूर्वी सुटते ते.

"मला तो बागेसाठी हवा आहे," मी म्हणालो. त्या क्षणापर्यंत असा कोणताही बेत माझ्या मनात नव्हता.

"बागंला? बुडक्याची कसली वो बाग?"

"करता येते."

"बरं. तुमची मर्जी." तो वळला आणि पुन्हा थांबला. "न्हाईच झाली बाग, तर सांगा की."

पत्नी दारात उभी राहून सगळे ऐकत होती. "आता करा बाग," ती म्हणाली.

मी वहीत तीन बेत आखले. पहिला मेजाचा: बुडख्यावर फळी ठोकून त्यावर चहा घ्यायचा. फळी बसवली, परंतु कडेच्या मऊ लाकडातून मुंग्यांची रांग थेट साखरेच्या वाटीत येऊ लागली, तेव्हा तो बेत सोडला. दुसरा पाखरांच्या पाण्याचा: सुताराकडून वाकसाने वर उथळ परात कोरून घेतली. चार दिवस चिमण्या आल्या. पाचव्या दिवशी पाण्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या आणि त्यात एक पाल फुगून तरंगत होती. ती चिमट्याने काढून टाकल्यावर त्या दुपारी मला जेवण गेले नाही. तिसरा बेत कुंडीचा. सुताराने पटाशीने गाभा हातभर खोल पोखरला, मी त्यात शेणखत आणि माती भरली, मधोमध तेरडा लावला आणि कडेने सब्जा.

पहिल्या पावसाळ्यात ती कुंडी खरोखर सुंदर दिसली. काळ्या सालीतून गुलाबी तेरडा वर आलेला पाहून सहकारी शिक्षक मुद्दाम थांबत. सातवीच्या वर्गाला मी तेथे नेले, मुलांनी वह्यांत आकृत्या काढल्या. "टाकाऊ वस्तूंतून बागशोभा" या विषयावर मी शाळेत एक तास घेतला. नारळाच्या करवंट्या, फुटके माठ, झिजलेले टोपले आणि शेवटी बुडखा, असा त्याचा क्रम होता.

एवढे केले, पण बुडख्याला तळाशी भोक पाडले नाही. "कुंडीच्या तळाशी छिद्र का असावे?" हा प्रश्न मी दर चाचणीत घालीत असे आणि उत्तर न देणाऱ्याला पुन्हा दहा वेळा लिहायला लावीत असे. बुडखा जमिनीत उभा असल्यामुळे तो मला कुंडी वाटलाच नाही.

कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. दुसऱ्या वर्षी सब्जा मेला. मी नवी माती घातली. तिसऱ्या वर्षी काहीच उगवेना, मात्र बुडख्याच्या अंगावर कानाच्या पाळ्यांसारखी तपकिरी, लिबलिबीत अळंबी आली. बोट लावले की ती थंडगार मांसासारखी लागत. सालीखालून कवच नसलेल्या गोगलगायी निघत आणि पायरीपर्यंत चिकट रेघ ओढून ठेवीत. एकदा माझा अनवाणी पाय एकीवर पडला, तो स्पर्श घासूनही जाईना. त्यातच कुंपणापलीकडून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बुडख्याला पिकदाणी केले. खोलगट भांडे दिसले की माणसाला थुंकायचे सुचते, हे मी तेव्हा शिकलो. मशेरी आणि तंबाखूचे काळे-तांबडे थुंकीचे थर मातीवर सुकलेले असत. मी पाटी लावली. पाटीवर थुंकले.

वैशाखात मी कुदळीने माती उपसून पाहिली. वरचा थर कोरडा होता. खाली मात्र तीन पावसाळ्यांचे पाणी शेणखतात मुरून काळी, बुडबुडे येणारी लापशी झाली होती. तिला कुजलेल्या अंड्यांचा वास होता आणि त्या लापशीत अंगठ्याएवढ्या हुमणीच्या अळ्या होत्या, पांढऱ्या, फुगीर, मागच्या टोकाला आतली काळी घाण कातडीतून दिसणाऱ्या. त्या एकमेकींवर सावकाश वळत होत्या. एक घूस त्यात कधी मेली होती कोण जाणे. तिचे केस तेवढे ओळखू आले. मी कुदळ तेथेच टाकली आणि न्हाणीत जाऊन उलटी केली.

पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "त्या माणसाला दिला असतात तर निदान रोज धुतला तरी गेला असता."

त्याच आठवड्यात मी त्या खाटकाच्या भावाच्या दुकानात गेलो. आयुष्यात प्रथमच. वाचकाला येथे माझे मतपरिवर्तन झाल्याचे ऐकायचे असेल, तर तसे काही झाले नाही. टांगलेली धडे, उग्र वास आणि कोपऱ्यातल्या टोपलीतली मुंडकी पाहून मी उपरणे नाकाला लावले. तथापि जे दिसले ते लिहिणे मला प्राप्त आहे. गिऱ्हाइके संपली होती. तो पात्याने ठोकळा खरवडीत होता. खरवडून झाल्यावर गरम पाणी ओतले, मीठ घासले, पुन्हा पाणी ओतले आणि वर धुतलेले फडके पसरले. त्या ठोकळ्यावर एकही माशी नव्हती.

"गुर्जी, तुमी? हिकडं?"

"बुडखा न्या," मी उपरण्यातूनच म्हणालो. "तुम्हाला अजून हवा असेल तर."

त्याने हात पुसले. "हवा असंल तर काय म्हंता? मामा म्हणत्यात, ह्यो शेवटचा आखाड. ठोकळा आणलास तर बस, न्हाय तर जावयाला देतो जागा. तीन वरसं धरलीया त्येंनी."

"मग या. सोमवारी?"

"सोमवारी दुकान बंद असतंय. येतो की."

सोमवारी सकाळी तो पहार आणि दोन माणसांची करवत घेऊन आला. सोबत कोणी नव्हते; करवतीचे दुसरे टोक मी धरावे अशी त्याची अपेक्षा असावी. मी वरची माती आणि घाण शक्य तेवढी काढून ठेवली होती. त्याने कोयत्याच्या पाठीने बुडख्यावर चारी बाजूंनी ठोकले आणि प्रत्येक वेळी कान लावला. मग गाभ्याला पहार टेकवली आणि दाबली. पहार हातभर आत गेली. भोकातून काळा द्रव बाहेर आला आणि त्यासोबत एक अळी त्याच्या पायावर पडली.

तो मागे सरला. त्याने तोंड वळवले आणि कुंपणापलीकडे थुंकला.

"ह्याच्यावर?" तो म्हणाला. "लोकांच्या पोटात जातंय त्ये, गुर्जी."

"गाभा चिवट असतो. खाली चांगला असेल."

"पानी साठीवलंसा व्हय ह्यात?"

"साठले."

"खाली भोक?"

"पाडले नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. "आन् पोरास्नी काय शिकवतासा मग?"

 एवढे विचारून त्याने पहारीने बुडख्याच्या मुळाशी खणायला सुरुवात केली. जमिनीखाली वीत-दीड वीत तरी निरोगी लाकूड मिळाले तर ठोकळा बुटका होईल, पण होईल, असे तो म्हणाला. मी खोऱ्याने माती ओढू लागलो. तासभर आम्ही दोघे त्या दुर्गंधीत वाकून होतो. माझी नजर पुनःपुन्हा त्याच्या पहारीवर जाई, कारण निरोगी लाकडावर ती खणखणेल हे मला ठाऊक होते. उत्तरेच्या बाजूला ती एकदा खणखणली. तो गुडघ्यावर बसला, हाताने माती बाजूला सारली आणि करंगळीने लाकूड कोरून पाहिले. तेथे गाभा शाबूत होता, परंतु ते मूळ होते, मांडीएवढे, बाजूला वळून गेलेले. तेवढ्यावर कोंबडीसुद्धा तोडता आली नसती.

त्याने हात मातीने घासून तीनदा धुतले. नखे काडीने कोरली. पत्नीने चहा विचारला.

"नगं, वैनी. आता काय जाईना खाली."

तो करवत खांद्यावर टाकीत असताना मी त्याला विचारले, की आखाडाला अजून महिना आहे, दुसरे झाड मिळणार नाही का. गगनबावड्याकडे चौकशी करता येईल, मी पत्र लिहीन.

"महिन्यात?" तो हसला. "मिळालं तरी वाळवाय लागतंय की. ऱ्हाऊ दे. मामास्नी सांगतो, जावयाला द्या म्हणून."

त्या आषाढात मामांचा जावई गडमुडशिंगीच्या बाजारात बसला. मी दिवाळीच्या सुट्टीत बुडखा घमेल्या-घमेल्याने उपसून काढला, खड्ड्यात चुना टाकला आणि वर माती ओढली. कोणी मला बुडख्याचा उपयोग विचारला तर मी इतकेच सांगतो: तो कापल्या दिवशी ज्याला हवा असेल त्याला द्यावा, आणि ठेवायचाच असेल तर आधी तळाशी भोक पाडावे.

तो खाटीक पुढेही भावाच्याच दुकानात राहिला. संध्याकाळी घरी जाताना त्याच्या हातात मटणाची पिशवी असे आणि तिच्या तळाशी ओले डाग पडलेले असत. मी समोरून येताना दिसलो की तो पिशवी पलीकडच्या हातात घेई आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जाई. माझ्या नाकाला वास येऊ नये म्हणून. मी त्या घरात राहिलो तितकी वर्षे त्याने हे पाळले, आणि मी त्याला एकदाही म्हणालो नाही, की राहू द्या.