एका हिसक्याची मामा

धुलाईखान्यात तिला सगळ्या मामा म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती खवळलीच. "अगं, मी बाईमाणूस. मीच मामा झाले तर माझ्या भावाने काय करायचं?" समोरचीने मोडक्यातोडक्या बोलीत समजावलं, तिच्या भाषेत मामा म्हणजे आई. डोंगरापलीकडून आलेल्या दोघी बहिणी म्हणाल्या, आमच्यात बापाला मामा म्हणतात. शेवटी हिने हात टेकले. "घ्या, अख्खं माहेर माझ्या एकटीच्या डोक्यावर."

एरवी एकीचं बोलणं दुसरीला कळत नसे. पण पलंगाच्या मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही, टोकं दोघींनी धरावी लागतात. म्हणून मामाने चादरीलाच बोलायला लावलं. दोन हिसके म्हणजे पुढे ये, एक हिसका म्हणजे थांब. नवी बाई आली की तिची पहिली चादर मामाबरोबरच.

त्या बहिणींतल्या थोरलीला आठवा महिना लागला. मामा तिथली मुकादमीण; तिने मालकाकडे सगळ्यांसाठी स्टुलं मागितली. त्याने एकच धाडलं, फक्त मामासाठी. एकीला खूश केलं की बाकीच्या गप्प बसतात, हा हिशेब मामा पुरता ओळखून होती. तिने स्टूल थोरलीला दिलं.

दुपारी मालक आला आणि त्याने थोरलीला उठवलं. "हे मुकादमिणीचं आहे. उभं राहवत नसेल तर घरी जा. परत येऊ नकोस."

मामाचं डोकं तापलं. हातात चादर होती, दुसऱ्या टोकाला धाकटी बहीण. मामाने एक हिसका दिला. धाकटी थांबली. ते बघून शेजारच्या जोडीत एक हिसका, तिच्या पलीकडे आणखी एक. सगळ्या चादरी हवेत ताणलेल्या राहिल्या. मामाने आपलं टोक थोरलीच्या हाती दिलं, स्टूल उचललं आणि मालकाच्या दारातच मांडून बसली.

"हा काय तमाशा?"

"बसले. तुम्हीच दिलंय ना?"

"आणि या का थांबल्या?"

"त्यांनाच विचारा की. मी तोंड तरी उघडलं का?"

त्याने विचारलं. उत्तरं चार भाषांत आली. बाहेर चादरी न्यायला आलेली हॉटेलची गाडी भोंग्यावर भोंगा देत होती. मालकाने कपाळाला हात लावला आणि फोन उचलला.

स्टुलं आली. पहिलं थोरलीला मिळालं. दुखऱ्या गुडघ्यांची मामा सगळ्यांत शेवटी बसली, तीही राणीसारखी. मग तिने चादरीचं टोक धरलं आणि दोन हिसके दिले.