खुळखुळ्यावरची गर्दी

अंगणातला एक खुळखुळा, पिकल्या शेंगा वाऱ्याने वाजणारं ते रानझुडूप, मी तण समजून उपटला आणि कुंपणावर फेकला. तिसऱ्या दिवशी त्या सुकत्या झाडावर काळ्या-निळ्या फुलपाखरांची झुंबड उडाली.

"बघ, किती प्रेम आहे यांचं माझ्या बागेवर," मी बायकोला म्हणालो.

"प्रेम कसलं हो? मयताला जमलीत ती," कुंपणापलीकडून शेजारच्या बाई म्हणाल्या. त्यांचा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेला. खुळखुळ्यात मोनोक्रोटालिन नावाचं अल्कलॉइड असतं, गुरांनी खाल्लं तर यकृत निकामी करणारं. झाड मोडलं, सुकलं की नर फुलपाखरं सोंडेने ते विष शोषतात. त्यातूनच त्यांचा सुगंध बनतो, आणि तो नसला तर मादी ढुंकून बघत नाही.

"तुम्ही मला बघायला आलात ते नुसती पावडर थापून," बायको म्हणाली. "तरी मी हो म्हटलं."

एखाद्याचा सुगंध कुणाच्या मरणातून येतो, हे कळल्यावर माणसाने थोडं हळवं व्हावं. मीही झालो, पण रविवारी व्याही पहिल्यांदाच घरी येणार होते. कोपऱ्यात एकच खुळखुळा उरला होता.

"तेवढा राहू द्या, बी धरू दे त्याला," बाई म्हणाल्या होत्या.

गुरुवारी मी त्याच्या फांद्या मोडून लोंबत ठेवल्या. मुळं उपटली नाहीत. झाड हळूहळू मेलं तर गर्दी जास्त दिवस टिकेल, एवढं रसायनशास्त्र मला समजलं होतं.

"बागेवर फार माया दिसते तुमची," रविवारी फुलपाखरांची झुंबड बघून व्याही म्हणाले.

शेंगा अजून कच्च्या होत्या. वाऱ्याने हलल्या, पण वाजल्या नाहीत.