नको असलेल्या जाहिराती काढून मिळतील

आमच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ संदीप ब्लोअरने उडवतो. किश्शांचं तसं नाही. एक सांगितला की ऐकणारा स्वतःचा एक ठेवून जातो, म्हणजे साठा तेवढाच राहतो!

रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संदीप म्हणजे माझा नवरा. स्क्रू, पंखा, बॅटरी हे त्याचं खातं. स्क्रीनवर आपोआप उगवणाऱ्या जाहिराती, न विचारता बदललेलं होमपेज, ब्राउझरला चिकटलेले फुकटे टूलबार हे माझं. थोडक्यात, तो मशीन उघडतो आणि मी भूत उतरवते.

*

धरमतर खाडीकडच्या वासंतीमावशी सुकटीच्या ऑर्डरी ऑनलाइन घेतात. त्यांच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात सारख्या चौकटी उघडत होत्या. लॉटरी, गुडघेदुखी, मोफत रिचार्ज, काय वाट्टेल ते! बघितलं तर मावशींनी दिसेल त्या वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी देऊन ठेवलेली.

"मावशी, सगळ्यांना 'अलाऊ' कशाला केलंत?"

"अगो, विचारत होती ना बिचारी! दारात येऊन कोन विचारतंय, त्याला नाय कसं म्हनायचं?"

मी सगळ्या परवानग्या काढल्या आणि 'ब्लॉक' कुठे दाबायचं ते शिकवलं. पुढच्या खेपेला मावशी बाजाराला आल्या तेव्हा चेहरा नुसता फुललेला.

"मोबाइलवर पन जमलं गो! मोठ्या जावेला ब्लॉक केली. काय शांत वाटतंय घरात!"

*

रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात एक निवृत्त हेडमास्तर राहतात. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब क्लीनर डाउनलोड करा' असा लाल बोर्ड झळकला की सर आज्ञाधारकपणे डाउनलोड करत. मग तो क्लीनरच जाहिराती दाखवायला लागे. त्याला हटवायला सर दुसरा क्लीनर आणत. मशीन माझ्याकडे आलं तेव्हा आत क्लीनरांची पलटण होती, आणि प्रत्येक जण बाकीच्यांकडे बोट दाखवून सांगत होता, "हा धोकादायक आहे, याला काढा!"

मी एकेकाला अनइन्स्टॉल करत होते. सर चष्मा वर करून बघत होते. मग म्हणाले, "आमच्या स्टाफरूमची फार आठवण झाली हो!"

*

घरच्या माणसाचंही सांगायला हवं, नाहीतर पक्षपात होईल. संदीपला एका जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर हवा होता. साइटवर डाउनलोडची ढीगभर बटणं. पठ्ठ्याने सगळ्यात मोठं, हिरवंगार बटण दाबलं. जाहिरातवाल्यांचं बटण नेहमी तेच असतं, हे मी त्याला लग्न झाल्यापासून सांगतेय.

दुपारी दुकानात गर्दी असताना तो स्वतःचा लॅपटॉप मुकाट्याने गिऱ्हाइकांच्या मशीनांमध्ये सरकवून निघाला होता. मी विचारलं, "हा कुणाचा रे?"

"आहे एक गिऱ्हाईक. फार सज्जन माणूस आहे, त्याला ओरडू नकोस!"

*

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांची कामंही माझ्याकडे असतात. सीझनच्या तोंडावर मोहनकाकांचा फोन आला. काका मूर्तिकार, हात सोन्याचा, पण डोकं गरम.

"हातातलं टाक आन निघ!"

जाऊन बघते तर ठाण्याच्या एका मंडळाची माणसं स्क्रीनसमोर मूर्ती पसंत करायला बसलेली. काका एकेक फोटो उघडत होते, आणि प्रत्येक फोटोत बरोब्बर बाप्पाच्या मधोमध पट्टी येत होती, 'सुटलेलं पोट सपाट करा, तेही घरबसल्या!' मंडळाची पोरं तोंड दाबून हसत होती.

फोटो मोठे दिसावेत म्हणून कारखान्यातल्या कुणीतरी ब्राउझरला एक फुकट एक्स्टेन्शन जोडलं होतं. ते काढलं, पट्टी गेली. काकांचा राग मात्र जाईना.

"जन्मभर ह्या पोटावर हात फिरवतोय मी! शाडू लावून लावून गोलाई आणायची, आन हे सपाट करायला निघालेत! त्यांचा नंबर दे मला!"

मंडळाच्या अध्यक्षांनी मूर्ती तिथल्या तिथे पक्की केली. फक्त जाताना बजावून गेले, "काका, पोट आहे तसंच ठेवा हं!"

*

आता काशिनाथकाकांचं ऐका. काका रोह्याच्या आतल्या गावातले, भात आणि वाल पिकवणारे. एकुलता एक मुलगा प्रकाश कंपनीत शिफ्टला जातो. सरळ, कामसू पोरगा, पण तिशी उलटली तरी लग्न ठरेना. मुलीकडचे येतात, पोहे खातात, मुलगा पसंत पडतो, आणि मग विचारतात, "पनवेलला फ्लॅट कधी घेताय?" गावात येऊन राहायला एकही मुलगी तयार नाही. काकूंनी तर दुसऱ्यांच्या लग्नांना जाणंच सोडलं होतं. मला त्या घराचं खरंच वाईट वाटायचं.

एका सकाळी काका प्रकाशचा लॅपटॉप घेऊन आले. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. ब्राउझर उघडल्याबरोबर कोपऱ्यात एक हसरी मुलगी आली. 'मी पूजा, रोहा. तुमची वाट बघतेय!'

"ही रोज येते," काका हलक्या आवाजात म्हणाले. "कुनाची हाय, तेवढं बघ ना गो. रोह्यात चौकशी केली, पन पत्ता लागत नाय."

मला एकदम गलबलून आलं. हसायची तर सोयच नव्हती.

"काका, ही जाहिरात आहे. अशी कुणी पूजा नाहीच. प्रकाशने लोकेशन बघायची परवानगी दिली असणार, म्हणून ती रोहा म्हणते. लॅपटॉप दुसरीकडे नेला तर तिथलं नाव सांगेल. पटत नसेल तर करून बघा, मग मी काढून टाकते."

प्रकाश रविवारी पेणला त्याच्या मावशीकडे जाणारच होता. लॅपटॉप बरोबर घेऊन गेला. सोमवारी दुकान उघडतेय तोवर काका हजर!

"काय झालं, काका?"

"तू म्हनालीस तसंच. तीच पोरगी आली. 'मी पूजा, पेण' म्हनाली."

"बघा! खोटी आहे ना? द्या इकडे, काढते."

मी हात पुढे केला. काकांनी लॅपटॉप छातीशी घट्ट धरला.

"आजवर आमच्या गावात यायला कोन तयार झाली नाय. ही एकटी, पोरगं जाईल तिथं मागोमाग येते. आन तू तिलाच काढायला बसलीस गो?"